आत्याच्या खानावळीतून उभा राहिलेला ट्रस्ट : नोंदणीचा अनुभव

माझ्या आत्याने सदाशिव पेठेत चाळीसहून अधिक वर्षे विद्यार्थ्यांची खानावळ चालवली आणि त्या खानावळीच्या शिलकीतून २०२३ साली एक छोटा धर्मादाय ट्रस्ट स्थापन केला. धर्मादाय कार्यालयातील नोंदणी, बँक खाते, आयकर खात्याची मान्यता आणि पहिल्या वर्षाचे काम हे सारे आता पार पडले आहे. मोठ्या संस्थांच्या हाताशी सल्लागार असतात. परंतु एखाद्या घरातील वडीलधारी व्यक्ती आपली पुंजी चांगल्या कामाला लावू पाहते, तेव्हा सुरुवात कुठून करायची, किती थांबावे लागते आणि खर्च किती येतो, हे त्या घराला सांगणारे मराठीत फारसे सापडत नाही. म्हणून जे घडले ते घडले त्या क्रमाने लिहीत आहे. ट्रस्टचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही, कारण हे देणगीसाठीचे आवाहन नाही.

आधी संस्थापिकेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण ट्रस्टपत्रातील जवळजवळ प्रत्येक कलम तिच्या आयुष्यातून आले आहे. आत्याचे यजमान छापखान्यात कंपोझिटर होते. घरखर्चाला हातभार म्हणून तिने १९७४ मध्ये डबे देण्यास सुरुवात केली आणि यजमानांच्या पश्चात त्याच डब्यांची खानावळ झाली. सुरुवातीला जेवायला येणारी मुले महाविद्यालयांतली असत. पुढे हळूहळू बीड, नांदेड, लातूर, सोलापूर या भागांतून स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी आलेल्यांची संख्या वाढली. गावाकडून मनिऑर्डर वेळेवर आली नाही तरी मुलाचे पान वाढले जाई आणि महिनाअखेरीस वहीत त्याच्या नावापुढची जागा कोरी राही. पुण्याला हे नवीन नव्हते. वार लावून जेवणारी आणि माधुकरी मागून शिकणारी मुले या पेठांनी कित्येक पिढ्या पाहिली होती. आत्याच्या आईच्या घरीही गुरुवारचा मुलगा जेवायला असे.

त्या कोऱ्या जागा पुढे अनेकांनी स्वतःहून भरल्या. कोणी शिक्षक झाला, कोणी तहसील कचेरीत लागला. काही वर्षांनी पेढे घेऊन येताना पाकीटही घेऊन आला. आत्याने हे पैसे घरखर्चात कधी मिसळले नाहीत. त्यांच्यासाठी तिने पोस्टात वेगळे खाते उघडले आणि रक्कम साठली की मुदतठेवीत टाकली. ‘हे माझे नाहीत, पुढच्याचे आहेत,’ एवढेच ती म्हणत असे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पेठा ओस पडल्या, तेव्हा खानावळ बंद झाली. नंतर ती पुन्हा सुरू झाली, परंतु आत्याचे गुडघे साथ देईनात. २०२२ च्या दिवाळीनंतर तिने खानावळ कायमची मिटवली आणि पोस्टातल्या पैशांचे काय करायचे हा प्रश्न घरात आला. त्या पैशांत स्वतःच्या बचतीची भर घालून एकूण पंचवीस लाख रुपये द्यायची तिची तयारी होती.

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही एका वकीलबाईंना भेटलो. नवीन संस्था खरोखर हवी आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता आणि या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला आधी विचारावा असे मला मनापासून वाटते. पुण्यात विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या जुन्या, विश्वासार्ह संस्था आहेत; डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातील मुलामुलींची राहण्याची व्यवस्था आजही करते. अशा संस्थेला पंचवीस लाख दिले असते, तर आमचे काम एका दिवसात संपले असते आणि पुढचे हिशेब, लेखापरीक्षण, विवरणपत्रे काहीच आमच्या माथी आले नसते. आत्याने यावर दोन आठवडे विचार केला. तिचे म्हणणे असे होते की, तिची मुले वसतिगृहात राहणारी नव्हती. पदवी झालेली, वय वाढलेली, कॉट बेसिसवर एका खोलीत चौघे-पाच जण राहणारी, शिष्यवृत्तीच्या कोणत्याच चौकटीत न बसणारी अशी ती मुले होती. त्यांच्यासाठी फक्त दोन वेळच्या जेवणाचे पैसे देणारी व्यवस्था तिला हवी होती. हे कारण आम्हा सर्वांना पटले आणि वकीलबाईंनाही पटले.

मग प्रश्न आला तो स्वरूपाचा. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था काढायची तर किमान सात सभासद लागतात, सर्वसाधारण सभा आणि निवडणुका येतात. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील कंपनीचा वार्षिक खर्च आमच्या रकमेला परवडणारा नव्हता. भारतीय न्यास अधिनियम, १८८२ हा खासगी ट्रस्टसाठी आहे. आमचे लाभार्थी सर्वसामान्य जनतेतील असल्यामुळे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालील सार्वजनिक ट्रस्ट हाच योग्य मार्ग ठरला. ‘कुटुंबाचा ट्रस्ट’ असे आपण बोलताना म्हणतो, पण त्यात कुटुंबाचे असते ते केवळ देणे. आयकर कायद्याच्या कलम १३ नुसार ट्रस्टच्या उत्पन्नाचा लाभ संस्थापक, विश्वस्त किंवा त्यांचे नातेवाईक यांना दिला तर करसवलत जाते. आमच्या एका नातेवाइकांनी त्यांच्या नातवाच्या फीसाठी याच ट्रस्टमधून मदत होईल का, असे विचारले होते. आत्याने त्यांना ‘नाही’ असे स्पष्ट सांगितले आणि आपल्या स्वतःच्या पेन्शनीतून त्या मुलाला पुस्तकांचे पैसे दिले. अशी विचारणा प्रत्येक घरात होणारच. ट्रस्टपत्रावर सह्या होण्यापूर्वीच तिचे उत्तर ठरलेले असावे.

फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२३ हा सगळा काळ ट्रस्टपत्राच्या मसुद्यात गेला. छापील नमुना घेऊन हे काम एका दुपारी उरकता येते आणि तसे उरकावे असे आम्हाला काही जणांनी सुचवलेही. मात्र ट्रस्टपत्र रद्द न करता येणारे असते, पुढे उद्दिष्टे बदलणे सोपे नसते, आणि संस्थापिका समोर बसलेली असताना तिला विचारता येते तसे नंतर कोणालाच विचारता येत नाही. म्हणून आम्ही घाई केली नाही. प्रत्येक कलम आत्याला वाचून दाखवायचे, तिने आपल्या भाषेत त्यावर बोलायचे आणि वकीलबाईंनी ते कायद्याच्या भाषेत बसवायचे, अशी पद्धत ठेवली. ट्रस्ट काढणाऱ्याला एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी हीच सांगेन की वेळ आणि पैसे या टप्प्यावर खर्च करा.

उद्दिष्टांच्या कलमापासूनच ते दिसले. आम्ही आधी ‘शिक्षणास साहाय्य’ असे लिहिले होते. सीएंनी लक्षात आणून दिले की, आयकर कायद्याच्या कलम २(१५) मध्ये धर्मादाय हेतूंची व्याख्या आहे, तीत ‘गरिबांना साहाय्य’ आणि ‘शिक्षण’ हे दोन वेगळे हेतू आहेत आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्याच्या खानावळीचा खर्च हा शिक्षणापेक्षा पहिल्या हेतूत अधिक स्वच्छपणे बसतो. त्यामुळे दोन्ही हेतू स्वतंत्रपणे लिहिले गेले. लाभ जात, धर्म, लिंग न पाहता दिला जाईल, काम भारतातच होईल, आणि ट्रस्ट पुढेमागे विसर्जित झाला तर मालमत्ता समान उद्दिष्टांच्या नोंदणीकृत ट्रस्टकडे जाईल, हीही कलमे घातली. आयकर नोंदणीच्या वेळी ती पाहिली जातात, म्हणून आपल्या मसुद्यात ती आहेत का हे तपासून घ्यावे. आत्याची एक इच्छा आपल्या माहेरच्या गावातील मुलांना प्राधान्य द्यावे अशी होती. चर्चेअंती तिने स्वतःच ती सोडली, कारण तिच्या खानावळीत गाव विचारून पान वाढलेले नव्हते.

सर्वांत जास्त वेळ एका वाक्याने घेतला. आत्याचा आग्रह होता की, एकदा एखाद्या विद्यार्थ्याचे जेवण सुरू केले की तो परीक्षेत नापास झाला, विश्वस्तांचे त्याच्याशी पटले नाही किंवा त्या वर्षी व्याज कमी आले म्हणून ते मध्येच बंद करता कामा नये. ‘भरल्या ताटावरून कुणाला उठवायचं नाही, हे लिहा,’ असे ती वकीलबाईंना म्हणाली. वकीलबाईंनी प्रारंभी हे विश्वस्तांच्या विवेकावर सोडावे असे सुचवले, कारण ट्रस्टपत्रात बंधन घातले आणि निधी अपुरा पडला तर अडचण होईल. आत्या मागे हटली नाही. अखेरीस असे कलम तयार झाले की, मंजूर केलेले साहाय्य त्या शैक्षणिक वर्षाच्या अखेरपर्यंत चालू राहील, आणि तेवढी पूर्ण वर्षाची रक्कम हाताशी असल्याशिवाय विश्वस्तांनी नवीन नाव मंजूर करू नये. आमच्या ट्रस्टपत्रातले हे सर्वांत चांगले कलम आहे असे मी आज म्हणतो. पहिल्या वर्षी किती जणांना ‘हो’ म्हणायचे हे त्यानेच ठरवले.

सदनिकेचाही विचार झाला. आत्याला आपली राहती सदनिका ट्रस्टला लगेच द्यायची होती. वकीलबाईंनी विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचे कलम ३६ समजावून सांगितले : सार्वजनिक ट्रस्टची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता, बक्षीस देता वा अदलाबदल करता येत नाही, आणि बिगरशेती मालमत्ता तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देण्यासही मंजुरी लागते. हे बंधन योग्यच आहे, त्यामुळे धर्मादाय मालमत्ता टिकते. परंतु आत्याच्या उतारवयात, आजारपणाची शक्यता असताना, डोक्यावरचे छप्पर तिच्याच नावावर असावे असे आम्हा सर्वांचे मत पडले. सदनिका तिने मृत्युपत्राद्वारे ट्रस्टला दिली आहे.

विश्वस्त पाच ठेवले. कुटुंबातील आम्ही दोघे, स्वतः आत्या, आमचे जुने डॉक्टर आणि खानावळीत जेवलेला, आता महाविद्यालयात शिकवणारा तिचा एक विद्यार्थी. घरातील माणसे बहुमतात असावीत, पण निर्णय फक्त घरात होऊ नये, एवढाच हेतू. सप्टेंबर २०२३ मध्ये मुद्रांकावर ट्रस्टपत्र झाले. त्यात सुरुवातीचा निधी अकरा हजार रुपये दाखवला.

ट्रस्ट स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम १८ खाली नोंदणीचा अर्ज करावा लागतो. आम्ही ऑक्टोबरमध्ये धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर अर्ज भरला आणि त्याची छापील प्रत कागदपत्रांसह पुण्याच्या कार्यालयात दाखल केली. सोबत ट्रस्टपत्र, प्रत्येक विश्वस्ताचे संमतीपत्र, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, कार्यालयाच्या जागेसाठी मालकाचे ना हरकत पत्र, त्या जागेचे लाइट बिल, मालमत्तेचा तपशील आणि शपथपत्र जोडले. सरकारी फी आणि कोर्ट फी स्टॅम्पचा खर्च अगदी किरकोळ असतो. खरा खर्च व्यावसायिकांचा. आम्हाला मसुदा आणि नोंदणी मिळून वकिलांचे पंचवीस हजार, सीएंचे आयकराच्या कामासह पंधरा हजार, आणि नोटरी, झेरॉक्स, नकला यांचे सुमारे तीन हजार रुपये लागले. हा खर्च आत्याने ट्रस्टच्या निधीतून घेऊ दिला नाही.

येथे एक बारीकशी सूचना करतो. विश्वस्तांची नावे आधार, पॅन आणि ट्रस्टपत्र या तिन्ही ठिकाणी अक्षरशः सारखी असावीत. आत्याच्या पिढीतील स्त्रियांच्या कागदपत्रांत माहेरचे नाव, सासरचे नाव आणि आद्याक्षरे यांची सरमिसळ असते. आम्ही ट्रस्टपत्राआधीच तिचे आधार दुरुस्त करून घेतले आणि त्यामुळे पुढची बरीच दगदग वाचली.

अर्जाची छाननी होऊन काही त्रुटी कळवल्या गेल्या, त्यांची पूर्तता केली, आणि हरकती मागवणारी नोटीस निघाली. कोणाची हरकत आली नाही. त्यानंतर त्याच अधिनियमाच्या कलम १९ खालील चौकशीत सहायक धर्मादाय आयुक्तांसमोर पुराव्याचे शपथपत्र द्यावे लागते. आत्या आजवर कधी कोणत्या सुनावणीला उभी राहिलेली नव्हती आणि आदल्या रात्री तिला झोप लागली नाही. प्रत्यक्षात वातावरण शांत होते. ट्रस्ट कशासाठी, निधी कुठून आला आणि लाभार्थी कोण, एवढेच विचारले गेले आणि आत्याने न अडखळता उत्तरे दिली. वृद्ध संस्थापकांना सोबत नेताना लवकर निघावे, पाण्याची बाटली आणि औषधे बरोबर ठेवावीत, आणि बोर्डावरील, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावण्यांच्या यादीतील, क्रम पुढेमागे होतो हे गृहीत धरून त्या दिवशी दुसरे काम ठेवू नये.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचा आदेश झाला. धर्मादाय ट्रस्टचा क्रमांक ‘ई’ या अक्षराने सुरू होतो. प्रमाणपत्र हाती आल्यावर आत्याने ते देवापुढे ठेवले आणि मग माझ्याकडे देऊन त्याच्या झेरॉक्स काढायला सांगितल्या. आदेशाची प्रमाणित नक्कल आणि नोंदवहीतील उतारा, ज्याला सगळे पीटीआर म्हणतात, यांच्या एकाहून अधिक प्रती त्याच वेळी मागून घ्याव्यात, कारण बँकेपासून आयकरापर्यंत सर्वत्र त्या लागतात.

बँक खात्याने मात्र अपेक्षेपेक्षा फार जास्त वेळ घेतला. पहिल्या बँकेत ट्रस्टचे खाते उघडण्याची पद्धत शाखेतील कोणालाच नीट माहीत नव्हती आणि दर वेळी नवा कागद मागितला गेला; सहा आठवड्यांनंतर आम्ही दुसऱ्या बँकेत गेलो आणि तेथे ट्रस्टचा पॅन, ट्रस्टपत्र, प्रमाणपत्र, ठराव आणि पाचही विश्वस्तांची केवायसी एवढ्यावर खाते उघडले. शाखा निवडण्यापूर्वी तेथे आधीपासून ट्रस्टची खाती आहेत का, हे विचारून घ्यावे. धनादेशावर कोणत्याही दोन विश्वस्तांच्या सह्या, असा ठराव आम्ही केला.

आत्याला एप्रिलमध्येच सर्व रक्कम ट्रस्टकडे वळवायची होती. सीएंनी थांबवले. आयकर कायद्याच्या कलम १२एबी खालील, म्हणजे ट्रस्टच्या उत्पन्नाला करसवलत मिळवून देणारी, नोंदणी हाती येण्यापूर्वी मोठी देणगी स्वीकारली, तर ती करपात्र ठरण्याचा धोका असतो. तात्पुरत्या नोंदणीसाठी फॉर्म १०ए ऑनलाइन भरायचा असतो. १२एबी आणि ८०जी (देणगीदारांना करात वजावट मिळवून देणारी) अशा दोन्ही नोंदण्यांसाठी हाच फॉर्म असतो. आमचा आदेश मे २०२४ मध्ये आला आणि तो तीन वर्षांसाठी होता. त्यानंतर आत्याने ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असे लेखी पत्र देऊन पैसे वर्ग केले. हे पत्र अत्यंत महत्त्वाचे आहे. तसे लेखी निर्देश नसतील तर देणगी त्या वर्षाचे उत्पन्न समजली जाते, आणि उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करण्याची अट तिला लागू होते. कायम निधी कायद्याने ठरवून दिलेल्या प्रकारांतच आणि वेगळा ओळखता येईल असा गुंतवावा लागतो. आम्ही बँकेच्या मुदतठेवी निवडल्या.

८०जी विषयी एक खुलासा आवश्यक आहे. देणगीदारांना मिळणारी वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते आणि दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही. पावती फाडण्यापूर्वीच हे देणाऱ्याला सांगावे. देणग्यांचा तपशील फॉर्म १०बीडी मध्ये ३१ मेपर्यंत भरून देणगीदारांना १०बीई प्रमाणपत्र द्यावे लागते.

जून २०२४ मध्ये काम सुरू झाले. पेठेतील दोन वेळच्या जेवणाचा मासिक दर तेव्हा तीन हजारांच्या आसपास होता. दहा महिन्यांचे एका विद्यार्थ्याचे तीस हजार होतात, आणि पंचवीस लाखांच्या व्याजात पाच जणांपलीकडे जाता येत नव्हते. अर्ज त्याहून कितीतरी जास्त आले. ज्यांना नाही म्हणावे लागले त्यांची पत्रे वाचताना आत्याचे डोळे भरून आले, परंतु तिने स्वतःच्या कलमाकडे बोट दाखवून सहावे नाव मंजूर करू दिले नाही. पैसे विद्यार्थ्याच्या हाती न देता खानावळीच्या खात्यात थेट जमा होतात. यात अविश्वासाचा भाग नाही. खानावळवाल्याची पावती हा आमच्या हिशेबातील पुरावा ठरतो.

काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत नियमित नोंदणीसाठी फॉर्म १०एबी भरावा लागतो, तोही १२एबी आणि ८०जी साठी वेगवेगळा. तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची आहे म्हणून निवांत राहिलेल्या काही छोट्या ट्रस्टची धावपळ मी पाहिली आहे. आम्ही नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही अर्ज केले. आयकर खात्याने बँकेचे उतारे, खर्चाच्या पावत्या, लाभार्थींची यादी, निवडीचे निकष आणि ट्रस्टपत्र मागवले; सभांचे इतिवृत्त पहिल्या दिवसापासून लिहिलेले असल्यामुळे उत्तर आठवड्यात देता आले. मे २०२५ मध्ये नियमित नोंदणीचे आदेश आले. वर दिलेले आयकराच्या कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू होत असल्याने नव्याने अर्ज करणाऱ्यांनी आपल्या सीएंकडून नवे क्रमांक घ्यावेत.

आता दरवर्षी लेखापरीक्षण, धर्मादाय कार्यालयाकडे हिशेबपत्रके आणि आयकर विवरणपत्र हा क्रम आहे. ३१ मार्चला वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हावे लागते. विश्वस्तांत काही बदल झाला, तर ९० दिवसांत विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. आमच्या डॉक्टरांनी वयोमानामुळे नुकताच राजीनामा दिला आहे आणि त्यांच्या जागी कोणाला घ्यायचे याची चर्चा सुरू आहे. आत्याने एका तरुण मुलीचे नाव सुचवले आहे, जी पहिल्या पाच जणांपैकी एक होती आणि आता नोकरीला लागली आहे. ती सरकारी सेवेत असल्याने तिला तिच्या कार्यालयाची परवानगी लागेल; तो अर्ज तिने दिला आहे आणि परवानगी आल्यावर आम्ही ठराव करू.